एकाच खिडकीवर दोन्ही गोळ्या मिळू द्या

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

१७ मे रोजी जागतिक उच्च रक्तदाब दिनानिमित्त आपल्या पुरवणीत आलेला लेख मी दुकानात बसून दोनदा वाचला. मीठ कमी खा, रोज चाला, वर्षातून एकदा तरी बीपी मोजून घ्या, गोळ्या मनाने बंद करू नका, हे सगळं त्यात चांगलं समजावून सांगितलं आहे. शेवटच्या वाक्याखाली मी खडूने रेघ मारली. माझ्या पत्नीने गोळ्या मनाने बंद केल्या होत्या. तिने त्या का बंद केल्या, आणि बीपीची गोळी एचआयव्हीच्या गोळीबरोबर एकाच खिडकीवर का मिळायला हवी, हे सांगण्यासाठी हे पत्र लिहितो आहे. पत्र लांबेल, पण जमल्यास न कापता छापावं ही विनंती.

मी शिंपी आहे. कृष्णाकाठच्या एका गावात एकोणतीस वर्षं माझं दुकान आहे. शाळेचे गणवेश, पँट-शर्ट, लग्नसराईत सफारी आणि जाकिटं असं काम असतं. कापणं आणि मशीनवरचं शिवणं माझ्याकडे. काज-बटण, तुरपाई, हुक लावणं हे पत्नीकडे. तिच्या हाताचं काज बघून पुण्या-मुंबईला गेलेली माणसंसुद्धा सुट्टीत कपडे शिवायला आमच्याकडे येत.

आम्ही दोघंही एचआयव्हीसह जगतो. मला २००७ साली कळलं. टीबी झाला होता, वजन एकोणचाळीस किलोवर आलं होतं. तिचा रिपोर्ट माझ्यानंतर आठ दिवसांनी आला. मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. तिची तपासणी निगेटिव्ह आली, तेव्हा आम्ही दोघं दवाखान्याच्या पायरीवर बसून रडलो आणि मग तिला भेळ खाऊ घालून घरी आणलं.

सरकारने १ एप्रिल २००४ पासून एचआयव्हीच्या गोळ्या मोफत द्यायला सुरुवात केली. मुंबईचं जे. जे. रुग्णालय पहिल्या आठ केंद्रांमधलं एक. आमच्या भागात हे औषध पोहोचलं म्हणून मी आज जिवंत आहे, हे मी कधी विसरलो नाही. माझ्या पहिल्या गोळ्यांत स्टॅव्हुडीन नावाचं जुनं औषध होतं. गाल बसले, पायाच्या तळव्यांची आग व्हायची, पण जीव वाचला. पत्नीला लगेच गोळ्या मिळाल्या नाहीत, कारण त्या काळी सीडी-फोर, म्हणजे रक्तातल्या प्रतिकार करणाऱ्या पेशी, ठरलेल्या आकड्याखाली गेल्याशिवाय सुरू करत नसत. तिला २००९ साली सुरू झाल्या. निदान झालं की लगेच औषध, हा नियम २०१७ मध्ये आला. मग औषधं बदलत गेली, आणि २०२१ पासून आम्ही दोघं दिवसाला एकच गोळी घेतो. तिच्यात टेनोफोविर, लॅमिव्हुडीन आणि डोल्युटेग्राविर अशी तीन औषधं असतात. रात्री नऊला माझ्या फोनचा अलार्म वाजतो. मुलगी लहान असताना तिला वाटायचं, सगळ्यांच्याच घरी नऊला अलार्म वाजतो.

ही सवय आम्हाला कुणी लावली? एआरटी केंद्राने, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या देणाऱ्या सरकारी केंद्राने. तिथल्या समुपदेशक मॅडम आमच्या बाटल्या उलट्या करून उरलेल्या गोळ्या मोजत. शंभरातल्या पंचाण्णवपेक्षा कमी घेतल्या तर चालणार नाही, असं बजावत. एकदा माझी तारीख चुकली. बहिणीचं लग्न म्हणून आम्ही बेळगावला गेलो होतो. तिसऱ्या दिवशी केंद्रातून फोन आला, "दादा, गोळ्या आहेत का शिल्लक? कधी येताय?" फोन उचलला नाही तर घरापर्यंत येणारी माणसंही होती, गाडी लांब उभी करून, शेजाऱ्यांना संशय येणार नाही अशा बेताने. इतकी काळजी सख्ख्या भावानेही घेतली नाही. केंद्राबद्दल मला तक्रार करायची नाही, उलट मला त्यांचं काम वाढवून मागायचं आहे.

२०२३ च्या सप्टेंबरमध्ये आम्ही नेहमीसारखे तीन महिन्यांच्या गोळ्या आणायला गेलो. वजन झालं. पत्नीचं वजन दोन वर्षांत अठ्ठावन्नवरून सदुसष्टवर गेलं होतं. (या नव्या गोळीवर काहींचं वजन वाढतं, हे मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं.) मग सिस्टरने बीपी मोजलं. १६८/१०४. जिना चढून आल्यामुळे असेल म्हणून दहा मिनिटं बसवलं, पुन्हा मोजलं. १६४/१०२. सिस्टरने आमच्या उपचारांच्या नोंदीच्या हिरव्या पुस्तकात आकडा लिहिला, खाली रेघ ओढली आणि सांगितलं, "वहिनी, मुख्य इमारतीत बीपी-शुगरच्या ओपीडीत दाखवा. इथं बीपीच्या गोळ्या नसतात."

आम्ही गेलो. वेगळा केसपेपर, वेगळी रांग. रांगेत पुढे चाळीसएक माणसं. मी बाहेर बाकावर बसलो होतो, पण दाराला पडदा नव्हता, त्यामुळे आतलं सगळं दिसत होतं आणि ऐकू येत होतं. टेबलाभोवती एका वेळी चार-पाच पेशंट उभे. डॉक्टरांनी योग्य तोच प्रश्न विचारला, "दुसऱ्या कुठल्या गोळ्या चालू आहेत का?" पत्नीच्या मागे आमच्याच आळीतली एक बाई उभी होती. तिच्या मुलीच्या साखरपुड्याचा ब्लाउज त्या आठवड्यात आमच्याकडे शिवायला होता.

पत्नी म्हणाली, "नाही."

चौदा वर्षांत जिने रात्रीची एक गोळी चुकवली नाही, ती बाई त्या टेबलासमोर सांगत होती की मला कुठलीच गोळी चालू नाही. मी बाकावरून उठलो नाही. उठून करणार तरी काय होतो?

डॉक्टरांनी ॲम्लोडिपिन पाच मिलिग्रॅमच्या तीस गोळ्या लिहून दिल्या आणि महिन्याने यायला सांगितलं. एचआयव्हीच्या गोळ्या तीन महिन्यांच्या मिळतात, बीपीच्या एका महिन्याच्या. गावाहून जाऊन-येऊन दोघांचं एसटीभाडं, दुकान बंद, तिचा हात थांबलेला, आणि पुन्हा तोच पडदा नसलेला दरवाजा. तीस दिवस तिने गोळ्या नेमाने घेतल्या. एकतिसाव्या दिवशी डबी रिकामी झाली. तिचं म्हणणं, "मला काही होत नाही. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही. संपल्या तर संपल्या." मीही तिला आग्रह केला नाही, हे इथे लिहितो.

डिसेंबरमध्ये पुन्हा केंद्रात गेलो. १७६/११०. सिस्टर बोलली, "बीपीच्या गोळ्या घेताय ना?" पत्नीने संपल्याचं सांगितलं. "मग आजच वर जाऊन घेऊन या." पण आमचं रक्त देऊन, समुपदेशन होऊन, गोळ्या हातात पडेपर्यंत पाऊण वाजला होता आणि ती ओपीडी साडेबाराला बंद होते. पत्नी म्हणाली, संक्रांतीनंतर येऊ, आता २६ जानेवारीच्या गणवेशांची घाई आहे.

संक्रांतीनंतर चौथ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला ती दुकानात माझ्या समोर पाटावर बसून पांढऱ्या शर्टाची काजं करत होती. सुई हातातून पडली. तिने उचलायला हात नेला, तर बोटं सुईच्या शेजारून पुढे गेली. तिने पुन्हा नेली, पुन्हा शेजारून गेली. मी म्हटलं, "काय गं?" ती माझ्याकडे बघून काहीतरी बोलली. ते शब्द नव्हते. उजव्या गालाचा कोपरा खाली ओघळला होता. शर्ट तिच्या मांडीवरच होता, चार काजं झालेली, पाचव्याचा दोरा लोंबत होता. तो शर्ट मी अजून कपाटात ठेवला आहे. त्या मुलाला दुसरा शिवून दिला.

मेंदूच्या डाव्या बाजूला रक्तस्राव झाला होता. दाखल केलं तेव्हा बीपी २१०/१२० होतं. अतिदक्षता विभागाबाहेर तिसऱ्या दिवशी माझा फोन वाजला. केंद्रातल्या मॅडम होत्या. डिसेंबरमध्ये घेतलेल्या रक्ताचा रिपोर्ट आला होता. "दादा, वहिनींचा व्हायरल लोड आलाय. विषाणू सापडतच नाही. वहिनींना सांगा, खूप छान." त्यांना काहीच माहीत नव्हतं. मी त्यांना सांगितलं तेव्हा पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही.

संपादक महोदय, मला जे म्हणायचं आहे ते एवढ्यातच आहे. ज्या विषाणूने आम्हाला मारायला हवं होतं तो रक्तात सापडत नव्हता, कारण त्याच्या गोळीमागे एक अख्खी यंत्रणा उभी आहे. गोळी मोजणारी मॅडम आहे, तारखेची नोंद ठेवणारा मुलगा आहे, न आलात तर तिसऱ्या दिवशी फोन आहे. बीपीची गोळी त्याच आवारात, दोनशे पावलांवर मिळते. स्वस्त आहे; जनऔषधी दुकानात दहा गोळ्यांची पट्टी दहा रुपयांच्या आत येते. पण ती गोळी संपल्यावर ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर असे तीन महिने त्या ओपीडीत कुणालाही कळलं नाही की एक बाई आलेली नाही. आम्हाला गोळी हवीच आहे. पण गोळीपेक्षाही, तिच्यासाठी आमच्या मागे लागणारं माणूस हवं आहे. ते माणूस एआरटी केंद्रात आधीपासून आहे. त्याच्या कपाटात फक्त ही गोळी नाही.

केंद्राने बीपी मोजलं नाही असं नाही. एचआयव्ही उपचारांच्या २०२१ च्या राष्ट्रीय मार्गदर्शिकेत बीपी आणि साखर तपासायला सांगितलंच आहे. तपासणी होते, आकडा लिहिला जातो आणि पेशंटला दुसरीकडे पाठवलं जातं. माझ्या धंद्यात बोलायचं तर माप नीट घेतलं, वहीत उतरवलं आणि गिऱ्हाइकाला सांगितलं की कापड शिवायला पलीकडच्या गल्लीत जा. किती जण जातात, आणि गेलेले पुन्हा किती जातात, हे पलीकडच्या गल्लीला माहीत नाही आणि आम्हालाही नाही.

हे फक्त आमच्या घरापुरतं आहे असं समजू नये. देशात सुमारे २५ लाख माणसं एचआयव्हीसह जगतात आणि राज्यांमध्ये सर्वांत जास्त महाराष्ट्रात आहेत. २००४ पासून ज्यांना गोळ्या लागल्या ते आता पन्नाशी-साठीत आले. केंद्राच्या बाकांवर पूर्वी हाडं निघालेली तरुण पोरं बसलेली असायची. आता चष्मे, पांढरे केस, गुडघ्याला पट्टा बांधलेल्या बायका दिसतात. हे पाहून मला खरंच आनंद होतो. पण म्हातारपणाबरोबर बीपी येतं, आणि एचआयव्ही असलेल्यांना हृदयाच्या आजाराचा धोका इतरांच्या साधारण दुप्पट असतो. गोळ्यांनी विषाणू दबला तरी शरीरात बारीक सूज चालू राहते, तिचाही त्यात वाटा आहे, असं डॉक्टर सांगतात.

दुसरं एक कारण डॉक्टरी आहे, आणि मला ते स्वतःच्या पाठदुखीमुळे समजलं. दिवसभर मशीनवर वाकून माझी पाठ धरते. मी मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणून घ्यायचो. एआरटीच्या डॉक्टरांनी ती थांबवली. टेनोफोविरवर असताना मूत्रपिंडाकडे लक्ष ठेवावं लागतं, वाढलेलं बीपी मूत्रपिंडच खातं, आणि दुखण्याच्या गोळ्या बीपीही वाढवतात आणि मूत्रपिंडालाही त्रास देतात. तिन्ही गोष्टी एका माणसाच्या डोक्यात असल्या तरच त्या जुळतात. आमच्या एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्या मंडळातल्या एका मित्राला दुसऱ्या टप्प्याची, म्हणजे पहिली लागू पडेनाशी झाल्यावर देतात ती, औषधं चालू आहेत, त्यात रिटोनाविर आहे. रिटोनाविरबरोबर ॲम्लोडिपिन घेतलं तर ते रक्तात जास्त साठतं, म्हणून डोस कमी ठेवून सांभाळून द्यावा लागतो. कुणाला मधुमेह असेल तर डोल्युटेग्राविरमुळे मेटफॉर्मिनचा डोसही मर्यादेत ठेवावा लागतो. पडदा नसलेल्या खोलीत जो पेशंट "दुसरी गोळी चालू नाही" म्हणतो, त्याला हे कोण सांगणार? सांगायचं की नाही हा आमचा हक्क आहे. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा आमच्या संमतीशिवाय आमची माहिती उघड करायला मनाई करतो. हा कायदा आमच्यासाठी मोठा आधार आहे. पण कायदा असला तरी आळीतली बाई रांगेत मागेच उभी असते. जिथं सांगावंच लागत नाही अशी आमची एकच जागा आहे, आणि ती म्हणजे एआरटीची खोली.

मुलगी आता पुण्याला नोकरी करते. आईचं हे झाल्यावर ती रात्र-रात्र फोनवर वाचत बसायची आणि सकाळी मला सांगायची. तिने सांगितलेल्यातलं एक मनाला लागून राहिलं. युगांडा आणि टांझानियात ३२ दवाखान्यांमध्ये एचआयव्ही, मधुमेह आणि बीपी यांचे पेशंट एकाच ओपीडीत घेऊन पाहिले. एकच रांग, तेच कर्मचारी, एकच औषधखिडकी. २०२३ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. एचआयव्हीचे पेशंट त्यामुळे मागे पडले नाहीत, त्यांचा विषाणू तितकाच आटोक्यात राहिला. आमच्याकडे एक भीती नेहमी बोलून दाखवली जाते की बीपीचं काम घुसवलं तर एचआयव्हीचं काम ढिलं पडेल. तिकडे तसं झालं नाही. त्याआधी केनिया आणि युगांडाच्या गावांतून झालेल्या मोठ्या प्रयोगात, ज्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले, एचआयव्हीसाठी उभारलेल्या यंत्रणेतूनच बीपीचेही उपचार दिले. त्या गावांत बीपी आटोक्यात असलेल्यांचं प्रमाण इतर गावांपेक्षा जास्त निघालं. मला त्यातली एकच रांग सगळ्यात आवडली. त्या रांगेत कोण कशासाठी उभं आहे हे कुणालाच कळत नाही. माझ्या पत्नीला तिथं "नाही" म्हणावं लागलं नसतं.

ती आफ्रिका, आपलं वेगळं, असं कुणी म्हणेल. मग आपल्याच राज्यातलं बघा. भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम २०१७ च्या अखेरीस पाच राज्यांत सुरू झाला. त्यात महाराष्ट्रातले सातारा, भंडारा, वर्धा आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे होते. ठरलेल्या मोजक्या गोळ्या, कुठल्या आकड्याला कुठली गोळी याचा भिंतीवर लावलेला एक कागद, गोळ्यांचा साठा संपू द्यायचा नाही, आणि प्रत्येक पेशंटची नोंद ठेवून न आलेल्याला शोधायचं. हे वाचताना मला वाटलं, ही तर आमच्या एआरटी केंद्राचीच रीत! फक्त गोळी वेगळी. मे २०२३ मध्ये केंद्र सरकारने २०२५ पर्यंत साडेसात कोटी लोकांना बीपी-मधुमेहाच्या नीट उपचारांखाली आणायचं जाहीर केलं. त्यांतल्या काही लाखांना तर शोधायलासुद्धा जायला नको. ते दर तीन महिन्यांनी ठरल्या दिवशी, हिरवं पुस्तक घेऊन, आपल्या पायांनी सरकारच्याच दारात येतात. त्यांचं वजन होतं, बीपी मोजलं जातं, आकडा लिहिला जातो.

अडचण कुठे आहे, ते मी केंद्रातल्या लोकांना विचारलं आहे. एचआयव्हीचा कार्यक्रम नॅकोचा, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेचा, राज्यात तो एड्स नियंत्रण सोसायटीकडून चालतो. बीपी-मधुमेहाचा कार्यक्रम वेगळा, त्याचा निधी वेगळा, औषधाची मागणी वेगळ्या कागदावर. एआरटीच्या फार्मासिस्टच्या मागणीपत्रात ॲम्लोडिपिनचा रकाना नाही. बीपीच्या खिडकीवरच्या फार्मासिस्टने गोळ्या आमच्या केंद्राला दिल्या तर त्याच्या हिशेबात त्या कुठे दाखवायच्या, हा प्रश्न. दोन्ही कार्यक्रम एकाच आरोग्य मंत्रालयाचे. दोन्ही कपाटं एकाच रुग्णालयाच्या आवारात. माझ्यासारख्या माणसाला हा रकाना कसा वाढवतात ते कळत नाही, पण तो कागदावरचा रकाना आहे, आणि कागदावरचा रकाना वाढवता येतो एवढं कळतं.

दुसरी अडचण माणसांची. ती खरी आहे आणि ती मी हलकी करणार नाही. केंद्रात एक-दोन डॉक्टर, बाहेर शंभराहून जास्त माणसं, आणि बहुतेक कर्मचारी कंत्राटी. त्यांच्यावर नुसतंच काम लादलं तर ते आहे तेही बिघडेल. म्हणून बीपीची गोळी द्यायची तर तिच्याबरोबर सिस्टर वाढवून द्यायला हवी. बीपी आटोक्यात असलेल्यांना प्रत्येक वेळी डॉक्टरांसमोर बसवायची गरज नाही, सिस्टर मोजून, पुस्तकात लिहून, पुढच्या गोळ्या देऊ शकते. आकडा १४०/९०च्या वर राहिला तरच डॉक्टर. आणि मोजायचं तेही नीट. आमच्या केंद्रात सिस्टर मन लावून मोजते, पण गर्दीच्या दिवशी दंडावरच्या स्वेटरवरूनच पट्टा बांधावा लागतो, हात अधांतरी असतो, माणूस जिना चढून आलेला असतो. स्वेटरवरून माप घेतलेला शर्ट कधी बसत नाही. पाच मिनिटं बसवून, उघड्या दंडावर, हात टेबलावर ठेवून दोनदा मोजायला एक खुर्ची आणि एक कोपरा लागतो.

आणि बीपीच्याही गोळ्या तीन महिन्यांच्या द्याव्यात. ज्याचं बीपी स्थिर आहे त्याला दोन वेगळ्या तारखा कशासाठी? तीच तारीख, तीच पिशवी, रात्री नऊचा तोच अलार्म. समुपदेशक मॅडम बाटली उलटी करून आमच्या गोळ्या मोजतातच, त्यात बीपीची पट्टीही मोजावी. ज्यांना आपल्या गावच्या उपकेंद्रातच बीपीची गोळी घ्यायला सोयीचं वाटतं त्यांनी तिथून घ्यावी, आमचा हट्ट सगळ्यांसाठी नाही. पण ज्यांना तिकडे तोंड उघडता येत नाही त्यांच्यासाठी एआरटीची खिडकी उघडी ठेवा.

माझी पत्नी वाचली. सात महिने फिजिओथेरपी झाली. आता काठी घेऊन चालते, बोलणं बरंच सुधारलं, माझं नाव घेताना अडखळते आणि मग हसते. उजव्या हाताची मूठ वळते, पण सुई धरता येत नाही. खासगी दवाखान्याचं बिल भागवायला पिको-फॉलचं मशीन विकलं. काज आता मी मशीनवर करतो. गिऱ्हाइकं काही बोलत नाहीत, पण बोट फिरवून बघतात. डाव्या हाताने ती बटणं डबीतून रंगानुसार निवडून देते. दिवसभर निवडते.

घरी मी बीपीचं मशीन आणलं आहे. रोज सकाळी चहाच्या आधी तिला खुर्चीत बसवतो, ब्लाउजची बाही वर सरकवतो, पाच मिनिटं काही बोलायचं नाही असं सांगतो. आकडा शाळेच्या वहीत लिहितो. गेल्या आठवड्याचे आकडे १२८/८२, १३४/८४, १३०/८०, १२६/८२, असे आहेत. तेच ॲम्लोडिपिन, त्यात आता टेल्मिसार्टन वाढवलं आहे. हेच औषध २०२३ च्या सप्टेंबरमध्ये सुरू होऊन सुरू राहिलं असतं तर, हा विचार मी सकाळी करत नाही. रात्री येतो.

हे पत्र एड्स नियंत्रण सोसायटीतले आणि आरोग्य विभागातले साहेब वाचतील अशी आशा आहे. एआरटीवर असलेले अनेक जण आपलं वृत्तपत्र वाचतात, तेही वाचतील. त्यांना एकच विनंती आहे. हिरव्या पुस्तकात बीपीचा आकडा कुठे लिहिला आहे ते आज रात्री नऊच्या गोळीआधी शोधून बघा. १४०/९०च्या वर असेल तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. त्रास होत नाही म्हणून थांबू नका, आमच्याकडे काहीही दुखत नव्हतं.

आमची पुढची तारीख ९ जूनची आहे. त्या दिवशी पत्नीला मुलीजवळ घरी ठेवून मी एकटाच जाईन. एआरटीच्या खिडकीवरून दोघांच्या तीन-तीन बाटल्या घेईन, आणि मग मुख्य इमारतीत जाऊन बीपीच्या तीस दिवसांच्या गोळ्यांसाठी रांगेत उभा राहीन. ती रांग अजूनही साडेबाराला बंद होते.

आपला विश्वासू,
एक शिंपी, कृष्णाकाठ
(नाव आणि पत्ता सोबतच्या कागदावर दिला आहे. तो छापू नये, ही विनंती.)